एकशे अठ्ठावीस की तीनशे वीस

माझे सासरे अडतीस वर्षं ऐकण्याचा पगार घेत होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, निदान पूर्णपणे टोमणा म्हणून नाही. त्यांच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनायचे. तयार झालेला प्रत्येक पंप बाबांच्या टेबलावर यायचा, चालू व्हायचा, आणि बाबा एका पोलादी सळईचं एक टोक पंपाला लावून दुसरं टोक कानाशी धरायचे. आत बेअरिंगमध्ये कुठं खरखर आहे, कुठली गोळी किंचित वाकडी बसलीय, हे त्यांना त्या सळईतून कळायचं. पंप चांगला असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. आणि नुसती शंका आली तरी लाल. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही. कामगार त्यांना कानसाहेब म्हणायचे. तोंडावर आदरानं म्हणायचे. पाठीमागे कुठल्या सुरात म्हणायचे ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे.

अशा माणसाचे पंप निवृत्तीनंतर संपतात आणि लाल चिठ्ठ्या उरतात, तेव्हा त्याच्या घरात राहणं सोपं नसतं. आमचा पंखा लाल, दाराची कडी लाल, शेजाऱ्यांची गाडी लाल. मी घरी शिवणकाम करते. मशीन सुरू केलं की बाबा दारात येऊन उभे.

"डाव्या बाजूचं बेअरिंग गेलंय."

"बाबा, शिवतंय ना ते व्यवस्थित?"

"शिवतंय. पण गेलंय."

सहा महिन्यांनी ते बेअरिंग खरंच गेलं. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मागच्या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि त्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका लांबट खोलीत बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र. हातात सुया टोचलेल्या, अंगातलं रक्त एका नळीतून यंत्रात जातं आणि साफ होऊन दुसरीतून परत येतं. तेवढा वेळ तो हात हलवायचा नाही. पुस्तक धरता येत नाही, विणकाम तर सोडाच. मी सोबत जायची, पण माझी शिवणाची कामं गळ्याशी आलेली असायची, म्हणून त्यांना आत बसवून परत यायची आणि चार तासांनी आणायला जायची. माझा नवरा ऑफिसात. आणि बाबा घरी. बाबा त्या खोलीच्या दारापर्यंत एकदाच आले, नळ्यांमधलं रक्त बघितलं आणि "मी खाली थांबतो" म्हणून जे गेले ते परत वर आलेच नाहीत. पुढच्या वेळेपासून त्यांना घरी काहीतरी काम निघायचं. ते घाबरले होते. अडतीस वर्षं यंत्राला कान लावून बसलेला माणूस एका यंत्राला घाबरला होता, आणि हे घरात सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात जेवताना आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "अहो, आपल्या त्या सीडी पडल्यात कपाटात. त्यातली गाणी कॉम्प्युटरवर घेऊन छोट्या डबीत भरून देता येतात म्हणे. तेवढीच ऐकत बसेन. वरच्या छताला किती भेगा आहेत ते पाठ झालंय आता."

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात आईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. बाबांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "भरून देतो. पण द्यायचं तर नीट द्यायचं."

त्या 'नीट' शब्दाला मी तिथंच आडवं यायला हवं होतं.

मी अंगठ्याएवढा एक प्लेअर आणला. कपाटातून सीडी काढल्या, चौसष्ट भरल्या. पहिली सीडी कॉम्प्युटरमध्ये सरकवली, तर पडद्यावर एक चौकट आली आणि विचारू लागली, कुठल्या दर्जाची नक्कल हवी? खाली आकड्यांची यादी. एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, दोनशे छप्पन्न, तीनशे वीस, आणि सगळ्यात खाली 'लॉसलेस', म्हणजे मूळ आवाजातलं काहीच न गाळता. आकडा लहान तर फाईल लहान आणि आवाजातलं थोडंफार गाळलेलं. आकडा मोठा तर फाईल मोठी आणि आवाज जास्त शाबूत. कॉम्प्युटरनं एकशे अठ्ठावीसवर आधीच खूण करून ठेवली होती. शहाण्या माणसानं 'ठीक आहे'वर टिचकी मारावी आणि चहाला लागावं. माझं बोट बटणावर होतंच.

"थांब," बाबा म्हणाले. "थोडंफार गाळलेलं म्हणजे काय गाळलेलं?"

"माणसाला जे ऐकू येत नाही ते, असं म्हणतात."

"कुठल्या माणसाला?"

झालं. घोडं अडलं ते तिथं. पुढचे आठ महिने ते काही हललं नाही.

बाबांनी एक जाड वही केली. त्यात रकाने आखले: सीडी क्रमांक, दर्जा, दोष, शेरा. मग कसोटीसाठी एक गाणं निवडलं. त्या गाण्यात मधे चाळीस सेकंदांचा एक तुकडा आहे, व्हायोलिन चढत जातं आणि शेवटी झांज वाजते. तो तुकडा त्यांनी पाचही दर्जांवर उतरवला आणि एकामागून एक ऐकायला बसले. पंखा बंद. खिडकीला चादर. फ्रिजच्या घरघरीमुळे झांजेचा शेवट नीट कळेना, म्हणून फ्रिज बंद. एका दुपारी फ्रिज परत चालू करायचा राहिला आणि दोन लिटर दूध नासलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की मुळात त्या फ्रिजचा कॉम्प्रेसरच लाल आहे.

तो तुकडा मी आयुष्यात किती वेळा ऐकलाय याची गणती नाही. व्हायोलिन चढायला लागलं की माझी मान आपोआप आखडते. माझी मुलगी शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "आजोबांची झांज चालू आहे का? मग मी मैत्रिणीकडं जाते." नवऱ्याला मध्ये पडायला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबांचं एका अर्थी बरोबर आहे," आणि ऑफिसला गेला. माझा नवरा 'एका अर्थी' असं म्हणाला की समजायचं, आता तो ऑफिसला निघाला.

वहीत शेरे पडत होते. 'एकशे अठ्ठावीस: झांज बोथट, लाल.' 'एकशे ब्याण्णव: व्हायोलिनला पाणी लागलंय, लाल.' 'दोनशे छप्पन्न: शंका, लाल.' तीनशे वीस एकदा पास झालं होतं. आम्ही सगळे आनंदलो. मी तर प्लेअर चार्जिंगला लावला. पण संध्याकाळी त्यांनी इंटरनेटवर कुणाचं तरी वाचलं, की लॉसलेस ऐकलेल्या माणसाला तीनशे वीस सहन होत नाही. लिहिणारा कोण, त्याचे कान कसे, काही माहीत नाही. पण त्याला सहन होत नाही म्हटल्यावर बाबांनी कसं सहन करायचं? दुसऱ्या दिवशी लॉसलेस. ते छोट्या प्लेअरमध्ये मावेना. मग मोठा प्लेअर. तो आला, तर त्याच्या बरोबरचे इयरफोन लाल. मग मोठे हेडफोन आले, डोक्यावर घातले की बाबा विमान उडवायला निघाल्यासारखे दिसायचे. हेडफोन आल्यावर सगळे दर्जे पहिल्यापासून परत तपासायचे, कारण आधीच्या चाचण्या आता रद्द.

आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार आई खुर्चीत बसून छत बघत होत्या. हे गुऱ्हाळ ज्यांच्यासाठी चाललं होतं त्यांच्या कानात आठ महिन्यांत एक सूरही पडला नव्हता. मला याचा संताप यायचा, आणि तो मशीनच्या पायडलवर निघायचा. कापड पुढ्यात घेऊन कोणी आठ महिने कात्री कुठली ते ठरवत बसलं, तर गिऱ्हाईक उघडंच राहणार की.

एका दुपारी मी मुद्दाम वाईटपणा केला. बाबा डोळे मिटून बसले होते आणि मी एकेक तुकडा लावत होते. कुठला दर्जा कुठला ते त्यांना न सांगता, कारण चाचणी आंधळी हवी असा त्यांचाच आग्रह. मी एकच तुकडा दोनदा लावला. तोच, एकशे अठ्ठावीसचा.

बाबा म्हणाले, "पहिला गेला. दुसऱ्यात जीव आहे. दुसऱ्यात झांज सुटल्यावर हवेत राहते."

त्यांनी वहीत दोन वेगळे शेरे लिहिले आणि खाली तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी आईंना दवाखान्यात नेताना रिक्षात मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या हसतील, किंवा चिडतील. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस."

"का? तुम्ही तिकडं छत बघत बसता आणि—"

"वरचे आवाज त्यांना येत नाहीत आता. कधीचे येत नाहीत. डास कानाशी गुणगुणला तरी पत्ता लागत नाही. ताप मोजायची काडी वाजते ना, पीप पीप, तीही नाही. काखेत लावून बसून राहतात, मीच काढून घेते. कारखान्यात एवढी वर्षं त्या गोंगाटात काढली, दुसरं काय होणार? खालचं, घरघर खरखर, ते अजून आपल्याहून चांगलं ऐकतात."

"मग तर मीच भरून देते गाणी. उद्या दुपारी. त्यांना कळणारही नाही."

"नको." आई असं 'नको' क्वचित म्हणतात. "त्यांना वरती माझ्याजवळ येऊन बसवत नाही. ते त्यांना खातं आतून. हे गाण्यांचं काम आहे म्हणून त्यांना वाटतं, आपण हिच्यासाठी काहीतरी करतोय. ते काढून घेतलंस तर घरात नुसते बसतील. मी थांबेन गं. छत कुठं पळून जातंय?"

मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला. दोघांच्या भल्याचा विचार करणारी एक बाई आणि नकलेचा दर्जा तपासणारा एक माणूस, आणि मधल्या मधे गाणी कपाटात. नवरा-बायकोच्या या अशा प्रेमात तिसऱ्या माणसाचा जीव जातो.

नवव्या महिन्यात बाबांनी नवा मुद्दा काढला. दर्जा ठरवताना ऐकणाऱ्याच्या आसपासचा आवाज लक्षात घ्यायला हवा. खोलीतच घरघर असेल, तर लॉसलेसचा उपयोग काय? पंपाची तपासणीसुद्धा ते कधीकधी गिऱ्हाइकाच्या विहिरीवर जाऊन करायचे. तेव्हा जागेवर जाऊन पाहणी करणं आलं.

"जागेवर म्हणजे वरती?" मी विचारलं.

"वरती," ते म्हणाले आणि वहीचं नवीन पान उघडलं. भीती होतीच, पण कामाला निघाल्यावर त्यांची भीती जरा कमी व्हायची.

त्या शुक्रवारी मीही थांबले. नर्सनं आईंच्या सुया लावल्या, यंत्र सुरू केलं. बाबा तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून उभे. मग वळले, खुर्ची ओढून आईंच्या हाताशी बसले आणि यंत्राकडं कान करून ऐकू लागले. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"मोटर चांगली आहे," ते म्हणाले. "बेअरिंग एकदम स्वच्छ. हिरवी."

"हो का?" आई म्हणाल्या. "बरं वाटलं ऐकून."

खरंच बरं वाटलं असावं. नऊ महिने ज्या यंत्राच्या भरवशावर त्या बसत होत्या, त्याला घरच्या तपासनिसानं पास केलं होतं. बाबा उत्साहात आले. शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंनी "माझंही बघा की" म्हटल्यावर त्यांचंही यंत्र ऐकलं. ते लाल निघालं, पण निदान तेव्हा तरी ते त्यांनी मनात ठेवलं. मग परत येऊन बसले, हेडफोन गळ्यात अडकवले, वही आईंच्या खुर्चीच्या हातावर टेकवली आणि लिहायला लागले. 'पार्श्वभूमीचा आवाज: मध्यम, एकसारखा.' मी दाराजवळच्या टेबलावर सगळ्यांसाठी चहा ओतत होते. आईंसाठी अर्धाच कप, पाणी मोजून प्यायचं असतं म्हणून.

तेवढ्यात आईंच्या यंत्राचा भोंगा वाजायला लागला. बारीक, कर्कश, टीं टीं टीं. वर लाल दिवा. बारा खुर्च्यांमधली झोपलेली माणसंसुद्धा डोळे उघडून बघायला लागली. बाबा लिहीत होते. भोंगा त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर होता आणि बाबा शांतपणे पान उलटत होते. आई दुसरा हात त्यांच्या खांद्याला लावत होत्या, तेव्हा त्यांना वाटलं, काही तरी विचारतेय. "थांब, एवढं लिहून होऊ दे," ते म्हणाले.

नर्स धावत आली. तिनं बाबांची वही उचलली. वहीचा कोपरा नळीवर टेकला होता आणि नळी दबली होती. तिनं नळी सरळ केली, बटण दाबलं, भोंगा थांबला. यंत्र आपणहून थांबतं, त्यामुळे आईंना काही झालं नाही. पण नर्स पोरसवदा होती आणि घाबरली होती.

"आजोबा, अहो कधीचा वाजतोय हा. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आई चटकन म्हणाल्या, "कानात गाणं चालू होतं त्यांच्या. मीच लावायला सांगितलं होतं."

नर्सनं बाबांकडं बघितलं. हेडफोन गळ्यात होते आणि त्यांची वायर खाली मोकळी लोंबत होती. बाबांनीही ती बघितली. मी चहाचे कप घेऊन तशीच उभी.

"गाणं चालू नव्हतं," बाबा म्हणाले. "मला ऐकू आलं नाही." मग यंत्राकडं बोट करून त्यांनी नर्सला विचारलं, "परत वाजवून दाखवाल?"

तिनं तपासणीचं बटण दाबलं. परत टीं टीं टीं. बाबांनी आधी उजवा कान यंत्राजवळ नेला, मग डावा. दिवा लागलेला त्यांना दिसत होता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुरे. आभारी आहे." वही मिटली आणि मांडीवर ठेवली. त्या माणसाचा मी नऊ महिने रागराग केला होता. त्या क्षणी तो सगळा कुठं गेला कळलं नाही, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून जड होतं.

उरलेले तीन तास ते खुर्चीवरून उठले नाहीत. रक्ताच्या नळ्या त्यांच्या नाकासमोर होत्या. बहुतेक त्यांच्या लक्षातच आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बोलावलं. "एकशे अठ्ठावीस आणि तीनशे वीस. तुला फरक कळतो?"

"नाही, बाबा."

"कधीच?"

"कधीच नाही. मला फक्त तो तुकडा नकोसा झालाय."

"आणि तिला?"

"त्यांना तुम्ही विचारलंत का कधी?"

नऊ महिन्यांत पाच दर्जे, दोन प्लेअर, एक हेडफोन आणि एक वही झाली होती. ज्या बाईनं ऐकायचं तिला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. 'कुणाला'मध्ये मीही आले. मीसुद्धा त्यांना भरून देऊ का एवढंच विचारलं होतं, काय हवंय ते नाही.

ते उठून आतल्या खोलीत गेले. आई पलंगावर पडल्या होत्या.

"अगं, तुला कसला आवाज हवा?"

"शब्द कळले म्हणजे झालं," आई म्हणाल्या.

"बरं. चौसष्ट सीडी आहेत. कुठल्यापासून सुरू करू?"

"चौसष्ट काय करायच्यात? मला अकरा गाणी हवीत." आणि त्यांनी बोटांवर मोजत अकरा गाणी सांगितली. क्रमसुद्धा ठरलेला होता. छत बघता बघता त्यांनी तो केव्हाच लावून ठेवला होता.

अकरा गाणी उतरवायला पस्तीस मिनिटं लागली. बाबांनी कॉम्प्युटरनं खूण करून ठेवलेल्या आकड्याला हात लावला नाही, एकही गाणं तपासलं नाही, चिठ्ठी दिली नाही. मी ती सगळी अंगठ्याएवढ्या पहिल्या प्लेअरमध्ये भरली. एकच तुकडा दोनदा लावल्याचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

सोमवारी ते आमच्याबरोबर निघाले. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. चप्पल घातली आणि रिक्षात बसले. वरती सुया लावताना भिंतीकडं तोंड केलं, पण खोलीबाहेर गेले नाहीत. मग खुर्ची नळीपासून चांगली लांब ठेवून बसले. आईंच्या कानात साधे इयरफोन मीच घातले आणि प्लेअर सुरू केला. आईंनी डोळे मिटले. पहिलं गाणं पूर्ण झालं, दुसरं अर्ध्यावर आलं. बाबा त्यांच्या चेहऱ्याकडं असे बघत होते, जसे पूर्वी पंपाकडं बघत असतील. मग आईंनी डोळे उघडले आणि एका कानातला इयरफोन काढला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबणार आहात ना शेवटपर्यंत?"

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

चौदा वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आईंनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा. मग त्यांनी दुसऱ्याही कानातला इयरफोन काढला, बाबांकडं जरा वळल्या आणि तेच परत, मोठ्यानं आणि सावकाश विचारलं.